सिग्नलला गरम, रस्त्यावर गार

चिक्कडपल्ली, हैदराबाद
मंगळवार, २२ एप्रिल २०१४

दौलतदादा,

जयभीम. आधी 'सप्रेम जयभीम' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवून हा घेतला, कारण तो शब्द तुला खोटा वाटला असता आणि मला त्याची खात्री देता आली नसती.

तुझा विजयवाड्याचा पत्ता आईकडून मिळाला. तिच्याकडे कसा आला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन तू उचलत नाहीस. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक आहे, म्हणून अक्षरं सुटी काढते आहे, बाबांनी आपल्याला घरी पाटीवर शिकवली तशी.

काम आहे म्हणून लिहिते. गाडीचा एसी पुन्हा बिघडला. गाडी धावत असली की गार हवा येते. सिग्नलला उभी राहिली की मिनिटभरात गरम. बशीरबागेच्या एका मोठ्या दुकानात बाबा दाखवून आले. त्यांनी बॉनेटही न उघडता सांगितलं, कंप्रेसर गेला, बावीस हजार. म्हणजे तू मागच्या मे महिन्यात बसवलास तोच. बाबा दुकानातून येताना एवढंच म्हणाले, "मी सांगितलंच होतं." मला वेगळं काही म्हणायचं कारण नाही.

आईचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. सकाळी आठ ते बारा. परत येताना ऊन डोक्यावर असतं. तिला दिवसाला सातशे मिली पाणी, त्यात चहा आणि वरणही आलं. मी बाटलीवर खुणा करून ठेवल्या आहेत. आज नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडी तापली तेव्हा ती म्हणाली, "भामे, घोटभर दे की ग. कुणाला सांगत नाही." मी दिलं नाही.

मागच्या जूनमध्ये असंच झालं होतं. तेव्हा तिनं माझ्या हातातून बाटली हिसकून अख्खी संपवली. त्या रात्री फुप्फुसात पाणी झालं, चार दिवस ती आयसीयूत होती, आणि नंतर विहारातला तो रविवार. तो तुला आठवत असेलच. यंदा डॉक्टर म्हणाले, तसं पुन्हा झालं तर हृदय टिकणार नाही. हे मी वाढवून लिहीत नाही, त्यांचेच शब्द आहेत. दुसऱ्याच्या गाडीतून बाबा आईला नेऊ देत नाहीत. एकतीस वर्षं साहेबांच्या गाड्या चालवल्या, स्वतःच्या बायकोला भाड्याच्या गाडीत बसवायचं का, म्हणतात.

बावीस हजार नाहीत. वस्तू तू बसवलीस, तेव्हा तिचं काय बिघडू शकतं ते तुलाच माहीत असणार. तेवढं कळव. यायची गरज नाही.

मी हे पत्र लिहिते आहे हे बाबांना माहीत नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, याला खोटं बोलणं म्हणत नाहीत.

भामा


शुक्रवार, २ मे २०१४

दादा,

तुझं कार्ड पोचलं. वर ना माझं नाव, ना खाली तुझं. चार ओळी. "कंप्रेसर गेला कोण म्हणतो. एसी लावल्यावर टक् आवाज येतो का. दोन नळ्या आहेत, एक जाड एक बारीक. हात लावून बघ, लिही."

पाहिलं. बाबांचा नियम तुलाही पाठ असेल: आधी कान, मग नाक, मग हात, आणि पाना सगळ्यांत शेवटी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलायच्या आधी लिहून ठेवायची. पंचशील आणि हे, याच क्रमानं आपल्याला शिकवलं होतं त्यांनी. तसंच केलं.

सकाळी सातला गल्लीत गाडी चालू करून बॉनेट उघडलं. एसीचं बटण दाबलं की टक् असा आवाज येतो आणि इंजिन जरा दबल्यासारखं होतं. जाड नळी गार, बाहेरून घाम आलेली. बारीक नळी गरम, पण हात ठेवता येतो इतकी. पंधरा मिनिटं उभी ठेवली. गारच राहिली. आत जाऊन बसले तर थंडी वाजायला लागली.

मग बॉनेट बंद करून बाबांनी आईला नेलं. नारायणगुड्याला गरम.

वरच्या मजल्यावरच्या भागूबाई गॅलरीतून बघत होत्या. "काय ग भामा, ड्रायव्हरची पोरगी मेस्त्री झाली का? आता नवरा बघताना मुलाला पाना धरता येतो का विचार." मी हसले. हसू आलं नव्हतं.

बाबांनी परवा बशीरबागेला जाऊन जास्तीचा गॅस भरून आणला. त्यानं आणखी बिघडलं. आता सिग्नलला थांबल्याथांबल्याच गरम होते.

तू बसवलेल्या कंप्रेसरबद्दल कार्डात एक शब्द नाही. तो नवा होता की नाही हेही तू आजवर सांगितलेलं नाहीस. मी त्या दिवशी विहारात जे पाहिलं तेच बोलले: तू तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणलास, खोका नव्हता. जुना आहे असं मी म्हटलं नव्हतं. बाबांनी तसा अर्थ काढला, विहारातल्या किशनरावकाकांनी मान हलवली, आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, माझा मुलगा आईच्या गाडीत भंगार घालतो, आजपासून तो माझा नाही. यातलं माझं वाक्य एकच होतं. ते खरं होतं.

आईचं वजन आज दोन किलो जास्त भरलं. म्हणजे ती कुठूनतरी पाणी पिते आहे. कुठून ते मी शोधून काढेन.

भामा


रविवार, ११ मे २०१४

दादा,

दुसरं कार्ड मिळालं. प्रश्न चार होते. उत्तरं देते.

जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडे कुठेच नाहीत, तेलाचा डागही नाही. म्हणजे गॅस गळत नाही.

पुढचा पंखा फिरतो. एसी लावला की लगेच फिरतो आणि आवाज एकसारखा आहे.

बॉनेट उघडं असलं की उभ्या गाडीतही गार. बॉनेट बंद करून उभी केली की गरम. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तसंच.

काल अफझलगंजला एसीवाल्या खाजामियाँकडे घेऊन गेले. तुझं नाव सांगितलं नाही, पण त्यांनी गाडी ओळखली. बॉनेट उघडलं, नळ्यांना हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा, ये तो बरफ हो रै. कौन बोला कंप्रेसर गया करके?"

मी म्हटलं, "घर जाते-जाते गरम होती."

"तो घर नक्को जाओ, यंइच बैठो," म्हणाले. चहा मागवला. मग गंभीर होऊन म्हणाले, "मेरे कू देखी तो ठंडी, तुमना देखी तो गरम. ऐसी नखरेवाली गाडी मैं तीस साल में नै देखा. गॅस जास्ती भरे सो है, वो निकालतूं. बाकी बीमारी गाडी में नै है, अम्मा. बाहिर कुछ है."

जास्तीचा गॅस काढल्यावर थोडा फरक पडला. दोन सिग्नल निघतात, तिसऱ्याला गरम.

आई पाणी कुठून पिते ते सापडलं. देवळीतल्या बुद्धमूर्तीपुढचा तांब्या. मी तो तांब्या आता रिकामाच ठेवते. तिनं सकाळी तो हातात घेतला, हलवून पाहिला आणि परत ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

बुधवारी बुद्धपौर्णिमा आहे. विहारात खीर असते. आईला चालत नाही.

भामा


शनिवार, १७ मे २०१४

दादा,

तुझं तिसरं कार्ड गुरुवारी आलं. "बॉनेट बंद ठेवून एसी लाव. गरम झाली की जाळीवर तांब्याभर पाणी मार. गार झाली तर गॅस, कंप्रेसर सगळं ठीक, फक्त उष्णता बाहेर पडत नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. समोर काय आहे?"

चौथा प्रश्न मला मागच्या वेळीही दिसला होता. मी 'प्रश्न चार होते' असं लिहिलं आणि उत्तरं तीन दिली. चौथ्याच्या जागी खाजामियाँची गोष्ट लिहिली. लिहिताना मला ते कळत होतं.

पाणी मारून पाहणं मी शुक्रवारवर ढकललं. शुक्रवारी निवडणुकीचे निकाल होते. रस्त्यावर ढोल, गुलाल, फटाके, आणि हिमायतनगरला पाऊण तास गाडी जागची हलली नाही. आई अंगातली चोळी ओढायला लागली. "अहो, काचा खाली करा." बाबांनी केल्या. बाहेरून भट्टीसारखी हवा आली. मी बाटली पायाखाली धरली होती. ती वाकली, माझं मनगट धरलं आणि चावली, दादा. आपली आई. बाटली घेतली आणि डोळे मिटून प्यायली. बाबा आरशातून बघत होते. म्हणाले, "पी सखू. पी. हे त्याच्या भंगाराचं पाप आहे."

रात्री तिला धाप लागली. आज पहाटे जादा डायलिसिस झालं. वाचली. डॉक्टर म्हणाले, तीन तास उशीर झाला असता तर नाही.

घरी येऊन मी गल्लीत गाडी लावली. बॉनेट बंद. एसी चालू. गरम झाली. जाळीवर पाणी मारायला गेले तर पाणी जाळीवर पडेना. माझ्याच पायावर सांडलं.

कारण समोर बोर्ड आहे. पत्र्याचा, अडीच फूट लांब, दीड फूट उंच. गुलाबी रंगावर पांढऱ्या तेलुगू अक्षरात 'जय तेलंगणा'. जाळीतून आणि बॉनेटच्या फटीतून तारेनं बांधलेला आहे. बॉनेट उघडायचं तर आधी तो सोडावा लागतो. म्हणून बॉनेट उघडं असताना, खाजामियाँकडे असताना, तपासताना दरवेळी गाडी गार. तपासून झालं की मी तो पुन्हा बांधते आणि गाडी गरम. त्याच्यामागे वर्षभराचा पालापाचोळा आणि गुलाल असा बसला आहे की बोट जात नाही. त्यातून वारा जाणार कुठून?

बोर्ड मी लावला. मागच्या वर्षी जूनच्या तेरा तारखेला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या तेलंगणासाठी विधानसभेवर मोर्चा होता, सगळे म्हणत होते गाड्या फोडतील. आईचं डायलिसिस होतं. आदल्या वर्षी दगड बसला होता तो तुला माहीत आहे, बाबांनी खाली उतरून तेलुगूत समजावलं तर लोक त्यांच्या तेलुगूलाच हसले, "ये कहाँ के हैं, मालूम नै." आजोबा नांदेडकडून निजामाच्या काळात इथं आले. छप्पन साली भाषावार राज्यं झाली, तिकडचे तिकडे गेले, आपण इथंच राहिलो, आणि अजून कुठले ते पाटीवर लिहून गाडीला बांधावं लागतं. मी सुलतान बाजारच्या पेंटरकडून बोर्ड करून घेतला. मोठा कर म्हटलं, लांबून दिसला पाहिजे. बाबा नको म्हणत होते. मी रडले, म्हणून बांधू दिला.

तू कंप्रेसर मे महिन्यात बसवलास. तेरा जूनपर्यंत गाडी गार होती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आता सर्वांत वाईट. मला हे आज कळलेलं नाही. तू गेल्यावर ऑगस्टमध्ये बोर्ड धुवायला काढला होता. ओला म्हणून दिवसभर बांधला नाही. त्या दिवशी गाडी घरापर्यंत गार आली. मला शंका आली. शंका म्हणजे ज्ञान नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं आणि संध्याकाळी बोर्ड बांधला. मग थंडी आली, एसीची गरज पडली नाही. रोज विहारात 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलणार नाही, असं म्हणत होते, आणि मनात हिशेब होता की मी खोटं बोललेले नाही. बाबांनी विचारलं होतं, खोका पाहिलास का. मी पाहिलं ते सांगितलं. बोर्डाचं कुणी विचारलं नव्हतं.

आज बोर्ड काढला. खाजामियाँनी जाळी मागून पुढे पाण्यानं धुतली, गॅस वजन करून पुन्हा नीट भरला. सगळे मिळून अकराशे. एमजे मार्केटच्या गर्दीत वीस मिनिटं उभे राहिलो, गारच.

पैसे देताना मी त्यांना तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "दौलत? ओ कंप्रेसर मेरेच पास से लेको गया था. नवा, सीलबंद. स्कूटर पे खोका बैठता नै बोल को पेपर में लपेट को दिया मैं. खोका ये देखो, मैं इस में नट रखतूं."

खोका होता, दादा. नंबर गाडीतल्या कंप्रेसरशी जुळवून पाहिला. तोच आहे.

भामा


मंगळवार, २७ मे २०१४

दादा,

तुझं उत्तर आलं. या वेळी पाकिटात, आणि वर माझं नाव. दहा वेळा वाचलं. "भामा, बोर्डाकडे माझं लक्ष त्याच दिवशी गेलं होतं. विहारातून निघालो तेव्हा गाडी दारातच उभी होती. बघितल्याबरोबर कळलं. तो तू लावलास हेही माहीत होतं. मी सांगितलं असतं तर बाबांनी मला सोडून तुला धरलं असतं. तू सांगशील म्हणून थांबलो. आता मला लिहून काय उपयोग. जिथं बोललीस तिथं बोल."

मला आधी रडू आलं. मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तू बघितल्याबरोबर ओळखलंस आणि विजयवाड्याला जाऊन बसलास. तुला वाटलं असेल, मी आठवड्यात बोलेन. नाही बोलले. मग? एक कार्ड टाकता येत नव्हतं? 'समोरचा पत्रा काढ,' तीन शब्द. नाव घालायचीही गरज नव्हती. एप्रिलमध्ये मी विचारलं तेव्हाही तू नळ्या विचारल्यास, पंखा विचारलास, साबण लावायला लावलास. तुला उत्तर माहीत होतं. आईच्या घशाला कोरड पडत होती आणि तू माझी परीक्षा घेत होतास. माझ्या मनगटावर तिच्या दातांची खूण आहे, दादा. ती खूण तुझीही आहे.

पण तू म्हणतोस ते बरोबर आहे. हे लिहायला मला चार दिवस लागले.

येत्या रविवारी, एक जूनला, वंदनेनंतर बोलेन. बाबांना आधी सांगणार नाही. आधी सांगितलं तर ते मला बोलू देणार नाहीत. हे तुला आधीच कळवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

बोर्ड डिकीत आहे. बाबांनी विचारलं, "पत्रा कुठं गेला?" मी म्हटलं, "काढला." ते म्हणाले, "सहा दिवसांत राज्य येतंय, आताच काढायची घाई?" मी 'का काढला' ते सांगितलं नाही. हे शेवटचं.

गाडी गार आहे. आईचं वजन बरोबर भरतं आहे. ती म्हणाली, "दौलत येऊन गेला का ग? गाडीला त्याचा हात लागल्यासारखा वाटतो." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बरं."

तुझी बहीण
भामा


मंगळवार, ३ जून २०१४

दादा,

बोलले.

विहारात पंचवीस-तीस माणसं होती. पंचशील झालं, वंदना झाली. बाबा सेक्रेटरी म्हणून दुसऱ्या दिवशीच्या झेंड्याची सूचना सांगून खाली बसले. मी उभी राहिले. सगळं सांगितलं. तेरा जून, बोर्ड, ऑगस्ट, खोका. खोका सोबत नेला होता, खाजामियाँनी नट काढून दिला होता. दौलतदादानं नवीनच कंप्रेसर बसवला होता, आई आजारी पडली ती माझ्या बोर्डामुळे, मागच्या वर्षी याच जागी मी अर्धं सांगितलं, असं म्हणाले.

तुला वाटत असेल सगळे स्तब्ध झाले. तसं झालं नाही. किशनरावकाका म्हणाले, "कोणता कंप्रेसर, पोरी?" त्यांना आठवतही नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, दौलत विजयवाड्याला नोकरीला गेला ना, म्हणून गेला. चतुराबाई म्हणाल्या, "जाऊ दे माय, एवढं काय, गाडीच ती." ज्यासाठी तू घर सोडलंस ते या लोकांनी दुसऱ्या रविवारपर्यंतसुद्धा लक्षात ठेवलेलं नव्हतं. फक्त बाबांनी ठेवलं होतं.

बाबा उठले. मला वाटलं, आता. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या मुलीची रात्रंदिवस आईपाशी जागून दमछाक झाली आहे. तिला भाऊ परत पाहिजे. त्यासाठी तिनं स्वतःवर घेतलं. मला तिचा राग नाही. पण पंचशील घेऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तेवढ्यात खोटं बोलली, याचं वाईट वाटतं."

मी खोका पुढे केला. "नंबर बघा ना, बाबा."

"खोका कुठूनही आणता येतो," म्हणाले.

दादा, अर्धं सांगितलं तेव्हा माझा शब्द प्रमाण होता. पूर्ण सांगितलं तेव्हा मी खोटी ठरले.

घरी आल्यावर त्यांनी डिकी उघडली आणि बोर्ड स्वतःच्या हातानं बांधला. तार दुहेरी घातली. "उद्या राज्य येतंय," एवढंच. मी म्हटलं, "परवा आईला न्यायचंय." ते म्हणाले, "पत्र्याचा एसीशी संबंध नाही. गॅस भरलाय, गाडी ठीक आहे." मी रात्री काढेन म्हणून त्यांनी चावी आणि पक्कड उशाशी घेतली. ड्रायव्हरच ते. वाऱ्याची वाट कुठून जाते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण बोर्ड काढला तर तू निर्दोष ठरतोस, आणि तू निर्दोष ठरलास तर वर्षभर ते कोण होते?

आज तसंच नेलं. बारा वाजता परत निघालो. रस्त्यावर अजून कालचे झेंडे, कमानी, मिरवणुका. हिमायतनगरला गाडी अडकली आणि गरम व्हायला लागली. मी बाटली धरून बसले होते. आईनं बाटलीकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "अहो, उतरा. तो पत्रा काढा."

बाबा म्हणाले, "सखू, त्याचा काही संबंध नाही."

"नसू द्या. काढा."

"पोरगी भावासाठी काहीबाही सांगते, आणि तू..."

"खरं-खोटं तुम्ही बापलेकीनं घरी बघा," आई म्हणाली. "मला पाणी न पिता घर गाठायचंय. उतरता की मी उतरू?" आणि तिनं खरंच दाराच्या कडीला हात घातला.

बाबा उतरले. पक्कड खिशात होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. भर उन्हात ते वाकून स्वतःच घातलेली दुहेरी तार सोडवत होते. शेजारी स्कूटरवर झेंडा लावलेला एक माणूस होता. तो ओरडला, "क्या अंकल, कल राज आया, आज बोर्ड निकालते?"

काच माझ्या बाजूला थोडी खाली होती. बाबांनी मान वर केली आणि त्या अनोळखी माणसाला सांगितलं, "इस से हवा बंद होती, बेटा. एसी नै चलता."

मी ऐकलं. आईनंही ऐकलं. तिनं डोळे मिटून घेतले.

बाबा पत्रा घेऊन आत बसले. तो त्यांनी पुढच्या सीटपाशी उभा ठेवला. दोन मिनिटांत गाडी गार झाली. दारात गाडी लावल्यावर मला म्हणाले, "तू दौलतला पत्र लिहितेस ते मला माहीत आहे. लिही, कंप्रेसर आता बरा चालतोय."

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. यात माझा शब्द एकही नाही. 'ये' म्हणाले नाहीत. मी वाट पाहत दारात उभी राहिले, ते हातपाय धुवायला गेले.

तुझी अट मी पाळली. तिचा उपयोग झाला नाही. आणि होईल असं तुला तरी खरंच वाटलं होतं का, हे मला तुला विचारायचं आहे, पण पत्रात नको.

शुक्रवारी आई आठ ते बारा आत असते. तिसरा मजला, डावीकडून दुसरा पलंग. पहिला तास ती बोलते, मग झोपते, तेव्हा साडेआठच्या आत ये. बाबा खाली गाडीतच बसतात, वर येत नाहीत; मागच्या बाजूला जिना आहे. मी बाहेरच्या बाकावर असते. तू आलास की मी उठून खाली जाईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तिला पाणी मात्र देऊ नकोस. ती मागेल.

भामा